बंद तक्रारीखालच्या नोंदी

तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सहा वाजता, ‘पाणीखूण’ या संगणकप्रणालीच्या यादीतली एकशे अठरा क्रमांकाची तक्रार बंद झाली. त्या सकाळी एकूण एक्केचाळीस तक्रारी बंद झाल्या. त्या कोणा माणसाने बंद केल्या नाहीत. जिच्याखाली साठ दिवस कोणी काही लिहिलेले नाही अशी तक्रार शोधायची आणि बंद करायची, एवढेच काम करणारा एक छोटा प्रोग्राम आहे. त्याला आम्ही बॉट म्हणतो. बॉटने एकशे अठराखाली पुढील मजकूर चिकटवला:

‘सदर तक्रारीवर गेल्या साठ दिवसांत कोणतीही हालचाल झालेली नाही. सबब ती शिळी समजून बंद करण्यात येत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. आपला विश्वासू, व्यवस्थापन.’

हा मजकूर मी लिहिला होता. साठ दिवसांचा नियमही माझा.

एका दैनिकाच्या डेस्कवर मी एकोणीस वर्षे होतो. आवृत्ती बंद झाली तेव्हा घरी आलो. वसई-विरारमधले सहा संगणक अभियंते नोकरी सांभाळून ‘पाणीखूण’ चालवत होते आणि त्यांना सरळ मराठी लिहिणारा माणूस हवा होता. पाणीखूण म्हणजे पावसाळ्यात कोणत्या रस्त्यावर पाणी साचले आहे ते दाखवणारा नकाशा. रस्त्यावर राहणारे लोक फोनवरून पाण्याची खोली कळवतात, सोबत फोटो जोडतात. पाणी असलेला रस्ता नकाशात निळा होतो. प्रणाली ओपन सोर्स आहे, म्हणजे तिचा कोड सर्वांसाठी खुला आहे. कोणीही वाचावा, वापरावा, दुरुस्त करावा. कोणीही दुरुस्त करू शकतो त्या गोष्टीची दुरुस्ती बहुधा कोणीच करत नाही, हे पहिल्या महिन्यातच दिसले.

काही चुकले की वापरणाऱ्याने एका उघड्या यादीत तक्रार लिहायची. इंग्रजीत तिला इश्यू म्हणतात. तिला क्रमांक मिळतो, क्रमांक दर जानेवारीत पुन्हा एकपासून सुरू होतात. तिच्याखाली कोणीही लिहू शकतो. यादी राखणे हे माझे काम. तक्रार वाचायची, तिला ‘दोष’, ‘सूचना’, ‘अधिक माहिती हवी’ यांपैकी एक चिठ्ठी लावायची, प्रोग्रामरकडे पाठवायची, काम झाले की बंद करायची. मानधन नावापुरते. मी रुजू झालो तेव्हा चारशेहून अधिक तक्रारी उघड्या होत्या.

त्यांतल्या बहुतेक उघड्या राहण्याच्या लायकीच्या नव्हत्या. एका तक्रारीचा संपूर्ण मजकूर ‘चालत नाही’ असा होता. काय चालत नाही, असे विचारले. तीन आठवड्यांनी उत्तर आले, ‘तुम्हीच बघा ना.’ नालासोपाऱ्याच्या एका गृहस्थांना नकाशात पाण्याबरोबर शेजाऱ्याची चुकीच्या जागी उभी केलेली मोटार दिसायला हवी होती. मोटारीचे अकरा फोटो त्यांनी जोडले होते. खोली इंचांत दाखवावी की सेंटिमीटरमध्ये, या एका तक्रारीखाली एकशे चाळीस उत्तरे होती आणि त्यांतली काही संस्कृतीविषयी होती. या वादात भाग घेतलेल्यांपैकी एकानेही कधी पाण्याची खोली कळवल्याची नोंद नाही.

सर्वांत उद्योगी तक्रारदार विरारच्या एका शाळेची नववीची मुले निघाली. सहामाही परीक्षेच्या सकाळी त्यांनी तेरा फोनवरून शाळेच्या दारात चार फूट पाणी असल्याचे कळवले. फोटो आदल्या वर्षीच्या बातमीतला होता. नकाशा निळा झाला, पालकांनी मुले घरी ठेवली, ऊन कडक होते. मुख्याध्यापकांची तक्रार सभ्य भाषेत होती आणि तिला तोड नव्हती. तिच्यावर उपाय म्हणून निनादने फिल्टर लिहिला. निनाद आमचा मुख्य प्रोग्रामर. वय तिशीचे, विरार पश्चिमेला नवव्या मजल्यावर राहतो, काम चोख. फिल्टरचा नियम सोपा होता: एखादी जागा ‘पाणी आहे’ म्हणत असेल आणि तिच्या आसपासच्या जागा ‘कोरडे’ म्हणत असतील, तर ती एकटी जागा खोटे बोलते आहे असे धरायचे आणि तिची नोंद टाकून द्यायची. टाकून दिल्याचे तिला कळवायचे नाही, नाहीतर नववीच्या मुलांना अंदाज येईल.

आम्हा सर्वांना हा नियम आवडला.

डेस्कवर जिचा पाठपुरावा होत नाही ती बातमी मारतात. तेच इथे केले. साठ दिवसांचा नियम सुचवला, निनादने एका संध्याकाळी बॉट बसवला आणि चारशेची यादी वर्षभरात नऊवर आली. संगणकवाल्यांच्या एका मेळाव्यात त्या नऊच्या आकड्याचे चित्र पडद्यावर दाखवण्यात आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यादीतली तक्रार नाहीशी झाली की जगातला दोष नाहीसा झाला, अशी त्या खोलीतल्या सर्वांची समजूत होती आणि मी पहिल्या रांगेत बसलो होतो. लोक बंद तक्रारींखाली येऊन ‘मलाही’, ‘लाज वाटते का’ असे लिहीत. त्याचा त्रास नको म्हणून बंद तक्रारीखाली काही लिहिले गेले तर आम्हाला सूचना येणार नाही अशी सोय करून घेतली. तीही मीच मागितली होती.

आता एकशे अठरा.

ही तक्रार बॉटने बंद केली त्याच वर्षीच्या जुलैत आली. तिच्यात तीन वाक्ये होती. ‘उमेळे येथील आमच्या गल्लीत फाटकापाशी नऊ इंच पाणी आहे, नकाशात गल्ली कोरडी दिसते. मी चार वेळा कळवले आहे. माझे मिस्टर आठवड्यातून तीन दिवस पहाटे डायलिसिसला जातात आणि रिक्षावाले नकाशा बघून गल्लीत शिरतात.’ खाली नाव होते: फिलोमिना टीचर, निवृत्त.

मी उत्तर दिले. पहिली दोन वाक्ये उपयुक्त आहेत, तिसरे वैयक्तिक स्वरूपाचे असून कृपया तक्रार प्रणालीपुरती मर्यादित ठेवावी, असे कळवले. निनादने फोनचे मॉडेल आणि पडद्याचे चित्र मागितले. दोन्ही दुसऱ्या दिवशी आले. मग निनादची नोकरी होती, गणपती होते, त्याच्या बहिणीचे लग्न होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने लिहिले, ‘आता पण दिसतंय का? प्लीज कन्फर्म.’

फिलोमिना टीचरचे उत्तर त्याच दिवशीचे आहे. ‘आता पाणी नाही. ऑक्टोबर आहे.’

प्रोग्रामरला दोष आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहावा लागतो, त्याशिवाय तो दुरुस्त करता येत नाही. ऑक्टोबरात उमेळ्यात पाणी नव्हते, म्हणून दोष घडेना. घडेना म्हणून ‘अधिक माहिती हवी’ ही चिठ्ठी निघाली नाही. चिठ्ठी होती, हालचाल नव्हती. साठ दिवस डिसेंबरात भरले. फक्त पावसाळ्यात दिसणारा दोष दर हिवाळ्यात शिळा ठरेल, हे मुंबईच्या वेशीवर राहणाऱ्या, दरवर्षी गुडघाभर पाण्यातून स्कूटर ढकलणाऱ्या सात माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. मी त्या सातांत आहे.

पुढच्या वर्षी जुलैत टीचरनी नवी तक्रार नोंदवली. निनादने ती वीस मिनिटांत बंद केली. शेरा: ‘एकशे अठराचीच पुनरावृत्ती.’ टीचरनी खाली विचारले, ‘एकशे अठरा बंद आहे. मग लिहायचे कुठे?’ या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरात मी वार्षिक अहवाल लिहीत होतो. अहवालात कोणत्या बंद तक्रारींखाली सर्वांत जास्त लिखाण झाले याचा तक्ता असतो. इंच-सेंटिमीटरचा वाद पहिला असणार म्हणून एरवी तो तक्ता मी पाहत नसे, या वेळी पाहिला. तो पहिला होता. दुसरी एकशे अठरा होती. बंद झाली तेव्हा तिच्याखाली आठ उत्तरे होती. आता बहात्तर.

चौसष्ट उत्तरे बंद झाल्यानंतरची होती आणि सर्व एका व्यक्तीची. नमुना असा: ‘६ जुलै. पहाटे ५. फाटकाच्या खांबाशी ११ इंच. नकाशात कोरडी.’ ‘७ जुलै. पहाटे ५. १३ इंच. नकाशात कोरडी.’ टीचरना उत्तर मिळाले नव्हते, तेव्हा जी एकशे अठराची पुनरावृत्ती आहे ती एकशे अठराखालीच लिहिली पाहिजे असा अर्थ त्यांनी घेतला होता आणि दोन पावसाळे त्या तिथे लिहीत होत्या. फोटो होते. खांबावर रंगाने इंचांच्या खुणा केलेल्या होत्या. एकाही नोंदीत तक्रारीचा सूर नव्हता.

गेल्या वर्षीच्या जुलैतली एक नोंद वेगळी होती. ‘पहाटे ५. १७ इंच. नकाशात कोरडी. रिक्षा अडकली. मिस्टरांना खुर्चीवर उचलून नेले. डायलिसिसची पाळी चुकली.’ दुसऱ्या दिवशीची नोंद नाही. तिसऱ्या दिवशीची आहे: ‘१२ इंच. नकाशात कोरडी.’

उमेळे माझ्या घरापासून स्कूटरने पंधरा मिनिटांवर आहे. घटनास्थळी न जाता बातमी देणाऱ्या वार्ताहरांना डेस्कवरून मी काय काय बोललो आहे ते इथे छापता येणार नाही. या तक्रारीला दोन पावसाळे उलटून तिसरा सरत आला तोवर मी पंधरा मिनिटांच्या अंतरावर गेलो नव्हतो.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मंडळी परतत होती त्या वेळी पोहोचलो. गल्लीच्या तोंडाशी नव्या इमारती आहेत, काँक्रीटचा रस्ता आहे. रस्त्यावरून गल्लीत उतरताना स्कूटरचा ब्रेक दाबावा लागतो. तळाला केळीच्या चार रांगा उरल्या आहेत, त्यांच्या पुढे कौलारू घर. फाटकाच्या खांबावर लाल रंगाच्या खुणा.

टीचर सत्तरीच्या आत-बाहेरच्या, ताठ. नाव सांगितल्यावर त्यांनी मला पायापासून वर पाहिले.

‘‘म्हणजे आपला विश्वासू तुम्हीच?’’

‘‘हो.’’

‘‘बसा. मी सदतीस वर्षं मराठी शिकवलं. तुमचं ते पत्र मुलांना नमुना म्हणून दिलं असतं. एवढं गोड बोलून हाकलणं सोपं नाही हो.’’

आतून त्यांचे मिस्टर पास्कल आले. एकेकाळी केळी आणि पालेभाजीची बाग करणारे, आता डाव्या हातावर डायलिसिसच्या सुईसाठी फुगलेली शीर. त्यांनी बायकोला घरच्या बोलीत काहीतरी विचारले, तिने उत्तर दिले, दोघे हसले. मला कळले नाही आणि मी विचारले नाही.

‘‘त्या दिवशी नक्की काय झालं, टीचर?’’

‘‘लिहिलंय की.’’

‘‘सविस्तर हवं.’’

‘‘आता हवं!’’ त्या पास्कलना म्हणाल्या. ‘‘ऐकलंस? माहिती वैयक्तिक होती तेव्हा नको होती.’’

मग त्यांनी सांगितले. नेहमीचा रिक्षावाला गावी गेला होता. त्याच्या जागी विल्सन येऊ लागला होता, पलीकडच्या आळीतला, पंचविशीचा. गल्लीत यायला दोन वाटा आहेत. एक काँक्रीटच्या रस्त्यावरून सरळ खाली. दुसरी शाळेमागून वळसा घालून, लांबची पण उंचावरची. त्या पहाटे टीचरनी पाणी मोजले, नकाशाला कळवले आणि विल्सनला फोन केला.

‘‘मी म्हटलं, विल्सन, शाळेकडून ये. सतरा इंच आहे. तर म्हणतो, टीचर, मॅपवर एकदम क्लीन दाखवतोय, येतो मी डायरेक्ट. मी म्हटलं, अरे, मी फाटकात उभी आहे, माझे पाय पाण्यात आहेत. तर म्हणतो, टीचर, तुम्ही टेन्शन नका घेऊ, मॅप लाइव्ह असतो.’’

पास्कल म्हणाले, ‘‘आणि आला. आला तो थेट मासे धरायला आल्यासारखा.’’

रिक्षा फाटकापासून चाळीस पावलांवर बंद पडली. शेजारच्या दोघांनी आणि विल्सनने पास्कलना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून शाळेच्या रस्त्यापर्यंत नेले. दुसरे वाहन मिळेपर्यंत नऊ वाजले. केंद्रात प्रत्येक यंत्राला पाळ्या ठरलेल्या असतात. साडेसहाची पाळी चुकली होती आणि यंत्रावर दुसरा रुग्ण होता. संध्याकाळपर्यंत पास्कलना श्वास घेणे जड झाले. दोन दिवस रुग्णालयात काढावे लागले. डॉक्टरांनी टीचरना सांगितलेले वाक्य असे होते: पुन्हा पाळी चुकवू नका, या हृदयाला ते झेपणार नाही.

‘‘पुढच्या पावसाळ्यात नव्वदेक दिवस धरा,’’ टीचर म्हणाल्या. ‘‘त्यातले चाळीसेक दिवस डायलिसिसचे. रिक्षावाला कोण असेल मला माहीत नाही. तो माझं ऐकेल की तुमच्या मॅपचं, ते मात्र माहीत आहे.’’

निघताना विचारले, उत्तर येत नसताना दोन वर्षे का लिहीत राहिलात?

‘‘वहीत लिहिलं असतं तर माझ्याजवळच राहिलं असतं. तुमच्या डोक्यावर तरी राहिलं.’’

त्याच संध्याकाळी विरारला निनादच्या घरी गेलो. चौसष्ट नोंदी त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने अर्ध्या मिनिटात कारण शोधले. टीचरनी दर वेळी नकाशालाही कळवले होते आणि त्या सर्व नोंदी प्रणालीपर्यंत पोहोचल्या होत्या. सर्वच्या सर्व फिल्टरने टाकल्या होत्या. आजूबाजूच्या इमारतींतले लोक नव्या रस्त्यावर उभे राहून प्रामाणिकपणे ‘कोरडे’ असे कळवत होते आणि एकट्या टीचर ‘पाणी’ म्हणत होत्या.

‘‘फिल्टर बरोबर चाललाय, काका,’’ निनाद म्हणाला. ‘‘टेक्निकली बग नाहीये.’’

‘‘माणूस खुर्चीवरून उचलून नेला.’’

‘‘ते वाईटच आहे. पण फिल्टर काढला तर उद्या पुन्हा कोणीतरी शाळा बुडवेल. एका गल्लीसाठी सगळा मॅप भंगारात घालू का?’’

‘‘काढू नकोस. फेकलेलं निदान मोजायला शीक.’’

‘‘म्हणजे एक्झॅक्टली काय करू? स्पेक द्या.’’

‘‘पुढच्या रविवारी उमेळ्याला चल.’’

‘‘तिकडे आता पाणी कुठे असणार? रिप्रोड्यूस नाही होणार.’’

मी चौसष्ट नोंदींकडे बोट केले. तारीख, वेळ, खोली, फोटो. पाऊस नसताना पाऊस पुन्हा घडवायला लागेल ते सर्व त्यात होते. त्याने ती यादी पुन्हा वरपासून खाली पाहिली आणि कानांपर्यंत लाल झाला. एवढी नीट माहिती आमच्या प्रणालीला कोणी कधी दिली नव्हती आणि ती आम्ही मागतच होतो.

रविवारी तो आला. विल्सनलाही बोलावले होते. तो न बोलावताही आला असता. रिक्षा अडकल्यापासून तो टीचरच्या घरचा बाजार फुकट आणून देत होता आणि टीचर त्याला दर खेपेला पाऊण तास बसवून बोलत होत्या. कोणती शिक्षा मोठी, यावर त्याचे मत त्याने दिले नाही.

गल्ली किती खोल आहे ते मोजायचे होते. निनादकडे उपग्रहावरून घेतलेल्या उंचीचे आकडे होते. त्यांच्यानुसार रस्ता आणि गल्ली एकाच पातळीवर होती, कारण ते आकडे इमारतींसाठी भरणी होण्यापूर्वीचे होते. पास्कलनी व्हरांड्यातून हे ऐकले.

‘‘त्या सॅटेलाइटला म्हणावं खाली ये, चहा देतो. इथे सगळी वाडी होती. ज्यानं जमीन विकली त्यानं भरणी केली, तो वर गेला. आम्ही कुठं खाली गेलो नाही. आम्ही होतो तिथंच आहोत.’’

गवंडी पातळी घ्यायला पारदर्शक नळीत पाणी भरून वापरतात. तशी नळी विल्सनने बांधकामावरच्या एका ओळखीच्या गवंड्याकडून आणली. नळीचे एक टोक काँक्रीटच्या रस्त्यावर धरायचे, दुसरे खाली. दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीला थांबते. रस्त्यापासून फाटकापर्यंत नळी अपुरी पडली, म्हणून चार टप्पे घ्यावे लागले. निनादने आयुष्यात पहिल्यांदा अशी नळी धरली होती आणि त्याने दोनदा बोट काढून पाणी बुटात सांडले.

‘‘इंजिनिअर ना रे तू?’’ विल्सनने विचारले.

‘‘सॉफ्टवेअर.’’

‘‘मग बरोबर.’’

फाटक रस्त्यापेक्षा अडीच फूट खाली भरले. टीचरनी आकडा ऐकला आणि वहीत लिहून घेतला. पास्कलनी ऐकला आणि त्यांना नवल वाटले नाही.

दुरुस्तीला निनादला जानेवारी उजाडला. नवा नियम असा: शेजारच्या जागा ‘कोरडे’ म्हणत असतील तर त्या किती उंचावर आहेत ते आधी पाहायचे, आणि खालच्या जागेला वरच्यांच्या साक्षीने खोटे ठरवायचे नाही. जिथली उंची मोजलेली नाही तिथे दोन दिवसांचे फोटो मागायचे. फेकलेली प्रत्येक नोंद एका वेगळ्या यादीत दिसायची. टीचरच्या नोंदी त्याने जुन्या नियमातून पुन्हा सोडल्या. चौसष्टपैकी एकही टिकली नाही. नव्या नियमातून सोडल्या. एकसष्ट टिकल्या.

तीन का टिकल्या नाहीत हे विचारायला टीचरना फोन केला. त्या तीन नोंदींत वेळ लिहिलेली नव्हती.

‘‘ते तीन दिवस मी बहिणीकडे होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पास्कलनं लिहिलंय. त्याला वेळ लिहायची सवय नाही. बागायतदार माणूस.’’ मग आत ओरडून, ‘‘तुझे तीन मार्क गेले!’’

आतले उत्तर फोनवर ऐकू आले नाही.

साठ दिवसांचा नियम मी फेब्रुवारीत काढायला सांगितला. त्यावर सात जणांच्या बैठकीत दोन तास चर्चा झाली. नियम काढला तर उघड्या तक्रारींचा आकडा नऊवरून वर जाईल, मग देणगीदारांना काय दाखवायचे, असा प्रश्न आला. शेवटी तडजोड झाली: ज्या तक्रारीवर ‘पावसाळी’ अशी चिठ्ठी आहे तिला बॉट हात लावणार नाही. चिठ्ठी कोण लावणार, तर मी. डिसेंबरात एखादी तक्रार पावसाळी आहे हे ओळखण्याचे काम सहा अभियंत्यांनी मिळून एका माजी उपसंपादकाकडे दिले. बंद तक्रारींखालच्या लिखाणाची सूचना पुन्हा सुरू करून घेतली. पहिल्या आठवड्यात तीनशे सूचना आल्या. त्यांतल्या बहुतेक शिव्या आहेत आणि काही शिव्यांमध्ये खोलीचे आकडे आहेत. ते मी अजून वेगळे काढतो आहे.

मेमध्ये प्रणालीची नवी आवृत्ती निघाली. तिच्यासोबत बदलांची यादी प्रसिद्ध होते. या बदलाची नोंद यादीत सोळाव्या क्रमांकावर आहे आणि तिचा मजकूर ‘किरकोळ सुधारणा: फिल्टरमध्ये उंचीचा विचार’ असा आहे. यादीच्या शेवटी हातभार लावणाऱ्यांची नावे असतात. निनादचे आहे. माझे आहे. टीचरचे नाव का नाही, असे विचारले.

‘‘काका, तिथे ज्यांनी कोड दिला त्यांचीच नावं ऑटोमॅटिक येतात.’’

‘‘मी कुठे कोड दिला?’’

‘‘तुम्ही बॉटचा मेसेज लिहिलात ना. तो कोडमध्येच असतो.’’

नाव हाताने घालता येते का, हे विचारणारी तक्रार मी नोंदवली आहे. ती उघडी आहे.

या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग दोन दिवस पाऊस झाला. बुधवारी पास्कलची पाळी होती. पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनी टीचरनी फाटकाच्या खांबाशी चौदा इंच पाणी कळवले. नोंद स्वीकारली गेल्याची वेळ चार एक्कावन्न आहे. इमारतींमधून त्याच सुमारास आलेल्या पाच नोंदी ‘कोरडे’ अशा होत्या आणि त्याही खऱ्या होत्या. चार बावन्नला गल्ली नकाशात निळी झाली. रस्ता पांढराच राहिला.

पाचला टीचरनी विल्सनला फोन लावला. हे संभाषण दोघांनी वेगवेगळे सांगितले आणि ते जुळते.

‘‘विल्सन...’’

‘‘शाळेकडून येतो, टीचर.’’

‘‘मी अजून काही बोललेच नाही.’’

‘‘मॅपवर दाखवतोय ना, निळा.’’

‘‘म्हणजे अजून तू मॅपचंच ऐकतोस.’’

‘‘टीचर, दोघांचं ऐकतो. आज दोघं सेम बोलताय.’’

रिक्षा शाळेमागे थांबली. तिथून घराच्या मागच्या ओट्यापर्यंतची जमीन सतरा इंचांच्या दिवशी पाण्याखाली होती, आज चौदाला कोरडी होती. पास्कल काठी घेऊन स्वतः चालत गेले. पाच वाजून पंचेचाळीस मिनिटांनी रिक्षा निघाली. सहा वाजून अठरा मिनिटांनी ते केंद्रात पोहोचले. यंत्र सुरू झाल्याची वेळ केंद्राच्या कागदावर सहा वाजून बत्तीस मिनिटे अशी आहे.